कोठीत शेजारणीचं नाव नको

कोर्दोबा, ४ मार्च १९९४

प्रिय बाल्दोमेरो मामा,

हे पत्र सिरिलोच्या हाती देतेय. फोन केला असता, पण फोनवर तू असा ओरडतोस की ऐकणाऱ्याला वाटावं, कोर्दोबा ते मोंतिया पन्नास किलोमीटर तुला तारेशिवायच पार करायचे आहेत. आणि गुरुवारी भेटतो तेव्हा माझ्यामागे चौदा पाहुणे उभे असतात, तुझ्या हातात पळी असते. तेव्हा आपलं जुनंच बरं. सिरिलोची बस, सिरिलोचा खिसा आणि आपली पत्रं.

आई म्हणाली की तुला आठवडाभर ताप होता आणि तू डॉक्टरला दारातूनच परत पाठवलंस. शाब्बास! माझ्या आईचा भाऊ शोभतोस खरा.

कामाचं सांगते. यंदाच्या सहली चोवीस तारखेच्या गुरुवारपासून. कार्यक्रम तोच. सकाळी मशिदीपाशी सगळ्यांना गोळा करायचं, आधी तेलाचा घाणा, मग तुझी वाइनची कोठी, आणि दुपारी कोपऱ्यावरच्या पाकाच्या खानावळीत जेवण. हापिसात लोक विचारतात ते कोठीबद्दलच. 'ते नाकवाले आजोबा आहेत ना?' असं विचारून नाव नोंदवतात. अख्खं मोंतिया तुला 'नाक' म्हणतंच, आता माद्रिदही म्हणायला लागलंय.

पण मामा, हात जोडते, गेल्या वर्षीसारखं करू नकोस. त्या नोटरीच्या बायकोला अंगणातल्या नळावर मान धुवायला लावलीस! अत्तर लावलं होतं बिचारीने, खून नव्हता केला. 'माझी पिंपं तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहेत, त्यांना त्रास होतो,' असं तोंडावर म्हणालास. ती हसली म्हणून निभावलं.

तुझी,
आरासेली


मोंतिया, १० मार्च

लाडक्या आरासेलीस,

ताप गेला. जाताना बरोबर काय काय घेऊन गेला ते अजून बघतोय.

येऊ देत तुझे पाहुणे. अत्तरवाल्या बायकांनाही येऊ देत, पुढे उभ्या राहिल्या तरी चालेल. म्हातारपणी माणसाने थोडं नमतं घ्यावं. हसू नकोस.

यंदा आमच्या गल्लीतल्या संत्र्याच्या फुलांना वासच नाही. पाऊस कमी झाला म्हणून असेल. झाडं भरलीत नुसती, खाली पांढरा सडा पडतो, पण वासाच्या नावाने शून्य. तुमच्याकडे कसं आहे ते कळव. अगदी न विसरता कळव.

पाका विचारत होती, पाहुण्यांना वाइनमध्ये शिजवलेले आर्टिचोक करू का. मी म्हटलं कर. परवा तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो आणि ती एकदम धावत आली, ओरडायला लागली, 'अरे नाकोबा, पातेलं करपून कोळसा झालं आणि तू शेजारी बसून पेपर वाचतोस?' मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. बाई उगाच गावभर करतात.

तुझा मामा,
बाल्दोमेरो


कोर्दोबा, २६ मार्च

प्रिय मामा,

काय झालंय तुला? खरंच सांग. परवा ती सेव्हियाची बाई, तिचं अत्तर बसमध्ये सिरिलोलासुद्धा झोंबत होतं, तुझ्या अगदी खांद्याला खांदा लावून उभी होती. आणि तू तिला म्हणालास, 'या बाईसाहेब, पुढे या.' मी पाका मावशीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. सिरिलो तर म्हणाला, 'हा लग्न करणार बहुतेक.' मामी जाऊन नऊ वर्षं झाली, कर बाबा, माझी हरकत नाही. पण आधी अत्तर बदलायला सांग.

पाहुणे मात्र बेहद्द खूश. तू डोक्यावरून पळी उंच नेऊन खालच्या पेल्यात धार सोडतोस, थेंब सांडत नाही, याचे सगळ्यांनी फोटो काढले. पिंपांच्या तीन रांगांची गोष्टही छान सांगितलीस. वर तरुण वाइन, मध्ये जाणती, तळाला तुझ्या आजोबांनी लावलेली सगळ्यांत जुनी. आणि तळरांग कधीच रिकामी करायची नाही, काढलं तेवढं वरच्यांनी भरून द्यायचं. एकाने विचारलं, 'म्हणजे माझ्या पेल्यात तुमच्या आजोबांच्या हातचा थेंब आहे?' तू नुसती मान हलवलीस. मला भरून आलं.

फुलांचं विचारलंस. इथे संत्र्याच्या फुलांनी डोकं उठवलंय. खिडक्या लावून बसते. थकवाही फार वाटतोय हल्ली, हवा बदलली असेल.

मला माझं सातव्या वर्षीचं आठवलं कोठीत. तू डोळ्यांवर रुमाल बांधून पेले हुंगायला लावायचास. आणि एकदा मी पिंपांच्या मधोमध उभी राहून ओरडले होते, 'इथे व्हिनेगरचा वास येतोय!' पणजोबांनी कान धरून अंगणात नेलं आणि साबणाने तोंड धुवायला लावलं. कोठीत तो शब्द नाही उच्चारायचा, पिंपं ऐकतात. 'शेजारीण' म्हणायचं. तेही कुजबुजून, आणि घरच्या थोरल्यानेच. आज पाहुण्यांना हे सांगावंसं वाटलं, पण कोठीत उभी होते, जीभच वळली नाही.

तुझी,
आरासेली


[हे पत्र बाल्दोमेरोने लिहिलं आणि खडूच्या डब्यात ठेवलं. तेव्हा पाठवलं नाही.]

मोंतिया, १७ एप्रिल

आरासेली,

माझं नाक गेलं.

तापात गेलं ते परत आलंच नाही. आधी वाटलं, सर्दी आहे. मग फुलं. मग पाकाचं करपलेलं पातेलं. काल लसणीची पाकळी चिरून नाकपुडीत घातली. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. जिभेचंही खरं नाही, तापापासून साधं पाणीसुद्धा आंबट लागतं. आणि तुला माहीत आहे, पिंपापाशी तोंडात घेणाऱ्यांना मी जन्मभर हसलो. 'चाखणं म्हणजे पिणं, हुंगणं म्हणजे काम,' हे मीच सांगत फिरलो ना?

वसंतातली भरणी आली आहे. तुला नियम माहीत आहे. वरच्या रांगेतल्या बाराही पिंपांतून काढायचं, एकत्र करायचं आणि मधल्या बाराही पिंपांना सारखं वाटायचं. आवडतं-नावडतं करायचं नाही. म्हणून तर प्रत्येक पिंप आधी हुंगायचं. चांगल्यावर खडूने सरळ रेघ, बिघडलेल्यावर फुली. फुलीचं पिंप त्याच दिवशी अंगणापलीकडच्या खोपटात, कारण शेजारीण एका पिंपात शिरली की वाटणीबरोबर सगळ्या घरांत जाते.

मी आज बाराही पिंपांवर रेघ ओढली. बाराही! नाक खुपसलं, डोळे मिटले, मान हलवली आणि रेघ ओढली. कोणी बघत नव्हतं, तरी केलं. वाइनला हवेपासून राखणारी पांढरी साय दाराजवळच्या पिंपात मात्र विरळ वाटली. दार उघडं राहतं, ऊन लागतं, त्यानेही होतं तसं. की नाही, मला कळत नाही. मला काहीच कळत नाही, पोरी.

कोणाला विचारू? गावातल्या कोणाला विचारलं तर संध्याकाळपर्यंत चौकात होईल की नाकाचं नाक गेलं. मग कोण येईल कोठीत? तुझे गुरुवारही माझ्या नाकावर उभे आहेत. तुला खरं सांगितलं तर तू हापिसात खोटं बोलत बसशील, ते तुला जमत नाही.

एक करतो. गुरुवारी दाराजवळच्या पिंपातला पेला तुला देतो, लहानपणी द्यायचो तसा. काही न सांगता. तुझं नाक मीच घडवलंय. तू छान म्हणालीस तर ओतेन.

हे पाठवावं की नाही ते उद्या बघू.


कोर्दोबा, २३ एप्रिल

प्रिय मामा,

गुरुवारी तू मला कोपऱ्यात ओढून पेला दिलास आणि माझ्या तोंडाकडे असा बघत बसलास की मला बारावीची तोंडी परीक्षा आठवली. छान आहे म्हटलं ना मी. वाइन छानच आहे, मामा. तुझी कधी वाईट होती?

प्यायले नाही म्हणून रागावू नकोस. पोट ठीक नाही, थोडे दिवस बंद केलंय. नुसतं हुंगलं. पेला झाडाच्या कुंडीत ओतला तो तू बघितलास की नाही माहीत नाही. बघितला असशील तर माफ कर. आणि पटकन बाहेर गेले ते पाहुण्यांतली एक बाई हाक मारत होती म्हणून.

मेमध्ये फुलांनी सजवलेल्या अंगणांचा उत्सव आहे, कोर्दोबा माणसांनी फुटून जाईल. प्रत्येक सहलीला दोन-दोन बस न्याव्या लागतील. पाका मावशीला सांग, आर्टिचोकचा बेत फार गाजला, पण वांग्यांवर मध जरा कमी सोड. सिरिलोने पाच वांगी खाल्ली आणि परतीच्या वाटेवर दोनदा बस थांबवली.

तुझी,
आरासेली


मोंतिया, २५ एप्रिल

लाडके पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. छान म्हणालीस! तुला कल्पना नाही मला किती बरं वाटलं. मी बेंचावर बसून एकटाच हसत होतो, पाकाने बघितलं आणि क्रूस केला छातीवर.

शुक्रवारीच भरणी उरकली. वरच्याचं मधल्याला दिलं, बाराच्या बारा पिंपांना सारखं. कंबर मोडली, पण यंदाइतकं हलकं मन कधी नव्हतं. तळरांगेला आता हात लावायचा तो ऑक्टोबरात, तेव्हा मधल्यातलं खाली जाईल.

पोटाची काळजी घे. भात खा आणि भाजलेल्या सफरचंदाचा मुरंबा. तुझ्या मामीचा उपाय आहे.

तुझा मामा,
बाल्दोमेरो

ता. क. कुंडीतलं झाड ठणठणीत आहे.


कोर्दोबा, ८ सप्टेंबर

प्रिय मामा,

चार महिने पत्र नाही म्हणून तू आईकडे तक्रार केलीस ती पोचली. उन्हाळ्यात सहली बंदच असतात हे निमित्त झालं. खरं कारण आता सांगते. आधी बस.

मला मूल होणार आहे. सातवा महिना आहे.

याआधी दोनदा काय झालं ते तुला माहीत आहे. तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना पेढे वाटावेत तसं सांगत सुटले होते, आणि नंतर प्रत्येकाला परत जाऊन सांगावं लागलं. तू तेव्हा मनुकांची पिशवी पाठवली होतीस. या वेळी मी आणि हासिंतोने ठरवलं, अंगावर दिसेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा जुलैत कळलं, आणि तिला तुला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. जुलैपासून डॉक्टरने बिछान्यावर झोपवलंय. पाय उशीवर, डोळे छताकडे.

सहली सुरू झाल्यात, माझ्याऐवजी व्हिओलेता येतेय. चांगली मुलगी आहे, तिच्याशी नीट वाग. तीच म्हणाली, कोठीत बरेचसे पाहुणे पेले अर्धे टाकून येतात, असं आधी होत नव्हतं. उकाड्यामुळे असेल. पेले पाण्यात थंड करून दे ना.

तुझी,
आरासेली


मोंतिया, १४ सप्टेंबर

माझ्या आरासेलीस,

पत्र वाचून कोठीत गेलो आणि पिंपांना सांगितलं. मोठ्याने सांगितलं. मग पाकाला. ती रडली, मला एक फटका मारला की तुला आधी माहीत होतं आणि लपवलंस. मी कुठे काय लपवलं!

म्हणजे एप्रिलमध्ये तू दोन जिवांची होतीस तर. आता मला सगळं उमगलं, पोट का बिघडलं होतं ते. आणि आणखी एक उमगलं. तुझ्या आजीच्या पोटात तुझी आई होती तेव्हा ती अंगणातून सांगायची, चौथ्या पिंपाची साय पातळ झाली म्हणून, आणि निघायचीही. गर्भार बाईचं नाक शिकारी कुत्र्यापेक्षा तिखट. तू त्या दिवशी छान म्हणालीस ते माझ्या नाकापेक्षाही खरं होतं. असं नाक या कोठीला पुन्हा मिळणार नाही.

पेल्यांचं म्हणशील तर ऑक्टोबरापर्यंत मधल्या रांगेतलंच देतोय, पण दोष त्या व्हिओलेताचा आहे. ती पोरांना आणावं तशी पाहुण्यांना आधी मिठाईच्या दुकानात नेते. तोंड गोड करून आलेल्या माणसाला माझी वाइन आंबटच लागणार. उन्हाळ्यात मधल्या रांगेची साय जरा फाटली, ती दर उन्हाळ्यात फाटते.

द्राक्षं चटयांवर वाळत घातलीत, माशांना हाकलता हाकलता जीव जातो. सेंट फ्रान्सिसच्या दिवशी, चार ऑक्टोबरला तळरांगेची भरणी करतो, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. बाळाच्या बाप्तिस्म्याची बाटली या भरणीतून निघाली पाहिजे. आजोबांचा थेंब पोराच्या ओठाला लागला पाहिजे.

हलू नकोस. उठू नकोस.

तुझा मामा


कोर्दोबा, २३ ऑक्टोबर

मामा,

सिरिलोने बाटली आणून दिली. वर तुझ्या अक्षरात 'पाहुण्यासाठी' लिहिलंय. हासिंतोला राहवेना. म्हणाला, बाप्तिस्म्याला अवकाश आहे, नुसता वास तर घेऊ. त्याने बूच काढलं. मी खाटेवर होते, तो दारात.

मामा, शेजारीण आली आहे.

मी कोठीत नाही, घरात आहे, म्हणून सरळ लिहिते. व्हिनेगर आहे ते. मी हासिंतोला म्हटलं, जवळ आण. पुन्हा पुन्हा हुंगलं. मग स्वयंपाकघरातली जुनी बाटली आणायला लावली, मागच्या वर्षीची. ती निर्मळ आहे. म्हणजे माझं नाक ठीक आहे.

आता खरं ऐक. एप्रिलमध्ये तू पेला दिलास तेव्हाही मला हाच वास आला होता. तेव्हा मला सगळ्यालाच तो वास येत होता. दुधाला, हासिंतोच्या शर्टाला, मशिदीच्या अंगणातल्या पाण्यालासुद्धा. दोन महिने हेच चाललं होतं. मला वाटलं, हे माझ्या पोटातलं आहे, पेल्यातलं नाही. खरं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला असं का होतंय, आणि मी कोणालाच सांगणार नव्हते. शिवाय पिंपांच्या मधोमध उभी होते. तो शब्द तिथे कसा काढू? म्हणून छान म्हटलं. बाहेर जाऊन अंगणात उलटी केली.

पण मामा, तू स्वतः हुंगलं असशील ना? माझ्या छान म्हणण्यावर तू कशाला जाशील? तुझ्यासारखं नाक असताना तुला कसं कळलं नाही? मला हेच समजत नाही. काहीतरी दुसरं झालं असेल, बाटली खराब असेल. तसं असेल तर लगेच कळव. ताबडतोब कळव.

आरासेली


मोंतिया, ३० ऑक्टोबर

आरासेली,

बाटली खराब नव्हती.

सोबत एप्रिलचं पत्र आहे. खडूच्या डब्यात होतं. वाच म्हणजे समजेल. मी तुला माझं नाक केलं आणि तुला सांगितलं नाही. तू पोटातलं लपवलंस त्याला कारण होतं. मी लपवलं ते अब्रूसाठी. त्यामुळे तू रडू नकोस. तुझ्या अवस्थेत तर मुळीच नको.

तुझं पत्र आल्यावर सिरिलोला आत घेतलं. तो म्हणाला, 'बाल्दोमेरो, मी चाळीस वर्षं स्वस्त सिगार ओढतोय, मला काय विचारतोस?' तरी तो एकेका पिंपापाशी गेला. वरच्या रांगेत फक्त दाराजवळचं पिंप. तिथूनच आलं. मधल्या रांगेची बाराही. तळाची अकरा. प्रत्येकापाशी तो टोपी काढायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही.

बारावं, भिंतीकडचं, आजोबांनी स्वतः भरलेलं पहिलं पिंप. तिथे सिरिलो म्हणाला, 'इथे मला नक्की सांगता येत नाही.' त्याला दया आली असेल. किंवा खरंच नसेल सांगता येत. ते पिंप अरुंद जागेत आहे, भरणीच्या वेळी माझी कंबर वाकेना, त्याला सगळ्यांपेक्षा कमी ओतलं असेल कदाचित. मी रोज त्याच्यापाशी बसतो. नाक लावतो. लाकूड गार लागतं, एवढंच.

तुझं बाळंतपण होऊ दे, तू हिंडूफिरू लाग, मग ये आणि सांग. या वेळी छान म्हणू नकोस, नसेल तर.

मामा


कोर्दोबा, २ डिसेंबर

मामा,

मुलगी झाली, सव्वीस नोव्हेंबरला. तीन किलो. रडते ती तुझ्या फोनवरच्या आवाजात. नाव मामीचं ठेवलंय, रेमेदियोस.

तुझं एप्रिलचं पत्र मी दवाखान्यात बरोबर नेलं होतं. किती वेळा वाचलं सांगत नाही. रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आपण दोघंही एकाच पेल्यासमोर उभे होतो, आणि दोघंही गप्प. कोणाला काय म्हणू?

सहा जानेवारीचा राजांचा सण झाला की येईन. तोवर त्या पिंपातलं काही काढू नकोस, काही घालूही नकोस.

आरासेली


मोंतिया, २० जानेवारी १९९५

लाडके पोरी,

काल तू गेल्यापासून कोठीचं दार उघडं ठेवलंय. आता कशाला लावायचं?

तू आलीस, पोर पाकाच्या कुशीत दिलीस आणि सरळ भिंतीकडे गेलीस. मी पळी बुडवली. थोडं सांडलं, आयुष्यात पहिल्यांदा. तू पेला नाकापाशी नेलास. मी पुन्हा तुझ्या तोंडाकडे बघत होतो. पेला खाली ठेवलास आणि हात पुढे केलास. खडू मागतेयस हे कळायला मला वेळ लागला.

त्या पिंपावर आजोबांची रेघ होती. ती फिकी पडली की त्यावर माझ्या बापाने गिरवली, मग मी. सत्त्याऐंशी वर्षांची रेघ. तू ती पुसली नाहीस, तिच्यावरच फुली मारलीस. लहान मारलीस. मग तू भिंतीला टेकून रडलीस आणि मी तुझ्या शेजारी उभा राहिलो.

तू म्हणालीस, वरची अकरा पिंपं अजून निर्मळ आहेत, त्यातून नवी तळरांग लावू. लाव. तिला तळरांग म्हणण्याजोगं वय यायला चाळीस वर्षं लागतील. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. हुंगायला माणूस मात्र दुसरा बघ.

तुमची बस निघाल्यावर व्हिओलेता सात पाहुणे घेऊन आली. त्यांना अंगणापलीकडे नेलं, सिरिलोने हलवायला मदत केलेली पिंपं तिथेच आहेत. एका गृहस्थाने बोट बुडवून चाटलं आणि बायकोला हाक मारली. म्हणाला, 'असं व्हिनेगर अख्ख्या आंदालुसियात नाही. किती वर्षं लागली हो तुम्हाला असं करायला?' सगळ्यांनी पेले चाटूनपुसून संपवले, सप्टेंबरात टाकून गेले होते तसे नाही. बाटल्याही मागितल्या. मी काय करणार? आभार मानले.

आणखी एक सांगायचंय. पाकाने पोर माझ्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, 'डोकं हुंगून बघ, कसला गोड वास येतो.' मी वाकलो, हुंगलं आणि 'हो, हो' म्हणालो. तूही हसलीस. खोटं होतं ते. मला काहीही आलं नाही. ऊब लागली फक्त, आणि तिचा श्वास गालावर. हे मी तुला लिहून कळवतोय, कारण आता सवय लावून घ्यायची आहे.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा कोठीत उभी राहून ओरडलीस ते तुला आठवतं. पुढचं तुला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तू बरोबर होतीस. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि आजोबांनी ते पिंप गुपचूप खोपटात नेलं. तुझ्यामुळे ती भरणी वाचली, आणि आम्ही तुलाच साबणाने तोंड धुवायला लावलं होतं.

रेमेदियोस बोलायला लागली की तिला कोठीत आण. वास घ्यायला ती हळूहळू शिकेल, घाई नाही. आधी तिला पिंपांच्या मधोमध उभी कर आणि तो शब्द मोठ्याने ओरडायला शिकव. मी दारात उभा राहून ऐकेन.

तुझा मामा,
बाल्दोमेरो